बांगड्याची सरासरी

६ ऑक्टोबर, सोमवार

तिसरा तास संपल्यावर प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्यासमोर एक उंच, उन्हाने रापलेले गृहस्थ खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. गंगाराम तांडेल. इथल्या दांडीच्या किनाऱ्यावर जी रापण ओढतात, म्हणजे होडीने समुद्रात लांब जाळं टाकून मग साठ-सत्तर माणसांनी किनाऱ्यावरून दोर धरून ते ओढून आणायचं, त्या रापण संघाचे हे प्रमुख.

त्यांचा अर्ज असा: मोठ्या बोटी बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी घेऊन किनाऱ्याला लागून फिरतात, पिल्लंसुद्धा उपसून नेतात, म्हणून आमच्याकडे येणारा बांगडा वर्षागणिक लहान होत चालला आहे. जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयाने त्यावर उलट विचारलंय की लहान म्हणजे किती लहान? २१ नोव्हेंबरला सुनावणी आहे. तोपर्यंत आकडा हवा.

"चाळीस वर्सां आमी दर्यार आसो, ता तेंका चलना नाय," गंगारामभाऊ म्हणाले. "आकडो व्हयो तेंका."

"आमच्या पाध्ये मॅडम संख्याशास्त्राच्याच आहेत," प्राचार्य म्हणाले. मला 'आमच्या' म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तासिका तत्त्वावरच्या माणसांना एरवी 'त्या तिकडच्या' म्हणतात.

मी ताबडतोब हो म्हटलं. खोलीवर आल्यावर आठवलं, की मी जन्मात कधी मासा हातात धरलेला नाही. कुडाळला आईला फोन केला तर ती म्हणाली, "भार्गवी, वासानेच आडवी पडशील गो तू!"

८ ऑक्टोबर, बुधवार

प्राणिशास्त्राच्या कपाटात खजिना मिळाला. पंधरा वर्षांपूर्वीची वही. तेव्हाचे विभागप्रमुख, ज्यांना अजून सगळे नुसतं 'भाई' म्हणतात, त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्याच किनाऱ्यावर दोनशे बांगडे मोजले होते. सरासरी लांबी २१.५ सेंटीमीटर. म्हणजे तुलनेला पाया मिळाला.

फैलाव मात्र २.६ आहे, जरा अघळपघळच. एक मासा पंधराचा, एक सव्वीसचा. मोजताना भाईंचा हात हलत असावा.

संध्याकाळी गंगारामभाऊंना पद्धत समजावून सांगितली. आधी धरून चालायचं की काही बदललेलं नाही, सरासरी अजून २१.५ च आहे. मग नमुना घ्यायचा. नमुन्याची सरासरी त्याच्यापेक्षा थोडी खाली आली तर ती निव्वळ योगायोगानेही येऊ शकते. ती इतकी खाली यायला हवी की योगायोग म्हणायला कोणाला तोंड उरू नये. तेव्हाच म्हणायचं, बांगडा लहान झाला.

ते म्हणाले, "म्हणजे आमी खोटे असा आधी मानूचा, आणि मगे मोजूचा?"

"खोटे असं नाही हो. सिद्ध झालेलं नाही, इतकंच."

"तांच ता," ते म्हणाले.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज सुरुवात. पद्धत फार विचार करून आखली आहे. कौतुक करायला दुसरं कोणी नाही म्हणून इथेच लिहिते. बाजारात ओळीने बसणाऱ्या बायकांना क्रमांक दिले. यदृच्छ अंकांच्या कोष्टकातून रोज पाच क्रमांक काढायचे, त्या पाचजणींच्या टोपल्यांतले दोन-दोन बांगडे मोजायचे. रोज दहा. पाच फेऱ्यांत पन्नास. माझ्या आवडीनिवडीला त्यात कुठेही जागा नाही. वर्गात मी पोरांना नेहमी सांगते, नमुना बिघडतो तो माणसाच्या मोहाने.

बरोबर नर्मदाकाकी होत्या. गंगारामभाऊंची वहिनी, बाजारातली सगळ्यात जुनी बाई. मी नाकाला रुमाल लावून, मोजायची फळी काखेत धरून उभी राहिले, तेव्हाच त्यांनी ओळखलं.

"तू हात नको लावू गो म्याडम. तू नुसती टोपली सांग. मी बरे बघून काढून देतंय."

किती सोय झाली! त्या टोपलीवर वाकणार, चार वरखाली करणार, दोन बाहेर काढून पदराने पुसणार आणि फळीवर सरळ निजवणार. "ह्यो बघ, कसो आसा!" मी वाचायचं आणि लिहायचं. एकवीस आठ. बावीस एक. अर्ध्या तासात काम संपलं, आणि माझ्या बोटाला पाणीसुद्धा लागलं नाही.

निघताना त्यांनी शहाळं दिलं. नको म्हटलं तर रागावल्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पन्नास झाले. सरासरी २१.४.

एकवीस पॉइंट चार! भाईंच्या आकड्यापेक्षा फक्त एक मिलिमीटर कमी. कसोटीचा आकडा येतो वजा ०.५९, निदान वजा १.६८ च्या खाली जायला हवा होता. म्हणजे काहीही सिद्ध होत नाही. तीनदा गणित केलं. शेवटी संगणकावरही करून पाहिलं, जणू त्याला माझी दया येणार होती.

एकच समाधान. माझ्या नमुन्याचा फैलाव फक्त १.२ आहे, भाईंच्या निम्म्याहून कमी. मोजमाप नेटकं असलं की असं होतं.

गंगारामभाऊंना काय सांगू? 'सिद्ध झालं नाही' आणि 'बदल झाला नाही' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पोरांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी निम्मा वर्ग परीक्षेत चुकतो. नमुना लहान पडला असेल. दिवाळीनंतर शंभर घेते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, कुडाळ

फराळ, पाहुणे. आत्याने विचारलं, "अजून तासिकेवरच का गो?" आईने परस्पर उत्तर दिलं, "ती सध्या मासे मोजते." सगळे हसले. मीही हसले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वारा आणि पाऊस. होड्या वर ओढून ठेवलेल्या. मासे शून्य.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शून्य.

८ नोव्हेंबर, शनिवार

शंभर झाले. सरासरी २१.७.

वाढली!

मी दोन महिने आधी हे काम घेतलं असतं तर एव्हाना बांगडा सुरमईएवढा झाला असता. कसोटीचा आकडा अधिक १.८२. फैलाव १.१. आकडे इतके गोळीबंद आहेत की शंका घ्यायला जागा नाही. लोक सांगतात लहान झाला, आणि माझी फळी सांगते की नाही झाला.

आणि ह्या बायका इतक्या आनंदाने मोजून घेतात की मला त्याचाच राग यायला लागलाय. आता मी दिसले की ओळीतून हाका येतात, "म्याडम, आज माझो नंबर काढ गो!" काल स्वप्ना नावाच्या मुलीने तर मी पोचायच्या आधीच दोन बांगडे धुऊन केळीच्या पानावर काढून ठेवले होते. नर्मदाकाकी तिला म्हणाल्या, "गो, ह्येच्यापेक्षा बरे आसत तुझ्याकडे, नीट बघ." म्हणजे ह्यांना मदत करायची हौस, आणि त्यांच्याच विरुद्ध जाणारा आकडा मी लिहून घेतेय.

नीच विचार आला तो लिहून ठेवते. पहिल्या पन्नासातले सगळ्यात मोठे आठ-दहा 'मोजणीतील चूक' म्हणून वगळले तर? कोण तपासणार आहे? पेन हातात घेऊन बसलेसुद्धा होते. मग उठून भांडी घासली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज रापण संघाच्या खोपीत सगळ्यांना सांगितलं. वाईट झालं. कसं झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

चाळीसेक माणसं होती. मी आकडे वाचले आणि म्हटलं, बांगडा लहान झाला असं दीडशे माशांच्या पाहणीत दिसत नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "तुमची पट्टी चुकली आसतली."

पट्टी! महिनाभर मी पहाटेचा चहा सोडून धावत होते. माझा तोल गेला. मी म्हटलं, "पट्टी चुकत नाही. माणसांची आठवण चुकते. जुनं ते मोठं वाटतं सगळ्यांना. लहानपणी पेढेही मोठे होते."

कोणी हसलं नाही.

गंगारामभाऊ उठले. आवाज चढवला नाही. "म्याडम, आकडे तुमचे बरोबर आसतीत. आमी काय शिकलेले नाय. पण आमका खोटे म्हणू नकात."

"मी खोटे म्हटलं नाही."

"पेढे म्हटलात."

नर्मदाकाकी दाराशी बसल्या होत्या. मी जाताना त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्या माझ्यासाठी महिनाभर खपल्या, आणि त्यांच्याच लोकांसमोर मी त्यांना तोंडघशी पाडलं. त्यांना एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अहवाल कार्यालयात दिला. दोन पानं. 'सरासरी लांबी घटल्याचा पुरावा उपलब्ध नमुन्यात आढळत नाही.' प्रत्येक शब्द खरा आहे. कारकुनाने शिक्का मारला आणि विचारलं, "म्हणजे अर्ज बाद होणार की काय?"

मला काय विचारता!

१५ नोव्हेंबर, शनिवार

मसुऱ्याला गेले होते, भाईंकडे. त्यांची वही परत द्यायचं निमित्त. खरं म्हणजे कोणीतरी 'तुझं बरोबर आहे' म्हणावं अशी इच्छा होती.

भाई आता पंच्याहत्तरीचे. पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. माझी दोन पानं चष्मा न लावता, कागद लांब धरून वाचली. सरासरीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"फैलाव १.१?"

"हो," मी जरा अभिमानानेच म्हटलं. "तुमचा २.६ होता."

"माझा २.६ होता कारण समुद्र तसा आहे," ते म्हणाले. "एकाच जाळ्यात बापही येतो आणि पोरही येतं. हे सगळे तुझे एका मापाचे कसे? शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिला नाही.

"मासे उचलले कोणी?"

"टोपलीची निवड यदृच्छ कोष्टकातून..."

"ते वाचलं. टोपलीतून मासा कोणी उचलला?"

मी सांगितलं.

ते हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. सुपारीचं साल बाजूला टाकत म्हणाले, "भार्गवी, तू मासे खाणाऱ्यांतली नाहीस म्हणून विचारतो. मासेवालीकडून कधी मासे विकत घेताना पाहिलं आहेस कोणाला? टोपलीत वरती काय असतं आणि तळाला काय असतं, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. उद्या रापणीवर जा. आणि रुमाल घरी ठेव."

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. 'बरे बघून काढून देतंय.' हे वाक्य माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात आहे. ११ ऑक्टोबर. कोष्टकं वापरली, क्रमांक दिले, सगळ्या मोहाची दारं बंद केली, आणि शेवटची वीतभर जागा, टोपली ते फळी, ती मी दुसऱ्याच्या हातात दिली. का? तर माझ्या हाताला वास लागू नये म्हणून.

१६ नोव्हेंबर, रविवार

दांडीच्या किनाऱ्यावर उजाडताच पोचले. गंगारामभाऊंनी मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दोन बाजूंनी माणसं दोर ओढत होती, टाचा वाळूत रोवून, एका लयीत मागे मागे सरकत. कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी पिशवी ठेवली आणि दोराच्या शेपटाला हात लावला. तास-दीड तास. तळवे सोलपटले.

जाळं वाळूवर आलं आणि उघडलं. आधी मला नुसती चमक दिसली. मग त्यातले मासे दिसायला लागले. बोटाएवढे. पंजाएवढे. मध्येच एखादा जाडजूड, मी बाजारात पाहायची तसा. माझ्या ओळखीचे असे बांगडे त्या ढिगात शोधावे लागत होते.

आणि लगेच बायकांचे हात चालू झाले. मोठे एका टोपलीत, वर ठेवायला. मधले दुसरीत. बारके तिसरीत, सुकवायला. बाजारात पोचेपर्यंत माझी सरासरी तयार!

"थांबा!" मी ओरडले. "हात लावू नका!" सगळे थांबले, बहुधा आश्चर्याने. मी बादली घेतली, ढिगात खुपसली, भरून बाहेर काढली आणि त्यात जे होतं ते सगळं मोजायला बसले. स्वतःच्या हाताने. पहिला मासा निसटला. दुसराही. कल्ल्याची धार अंगठ्याला लागून रक्त आलं. तिसऱ्याला मात्र घट्ट धरलं. सोळा पॉइंट दोन.

साठ मासे. सरासरी १८.९. फैलाव २.९. कसोटीचा आकडा वजा सहाच्याही खाली.

गंगारामभाऊ मागे उभे होते ते मला कळलंच नाही. "काय इला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. निघताना त्यांनी दोन बांगडे माझ्या पिशवीत टाकले. "दोर वढलात. वाटो तुमचो." नऊ तारखेनंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलले. वाटा घरमालकीण किशोरीताईंना दिला. साबणाने चारदा हात धुतले. वास आहेच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नर्मदाकाकींकडे गेले. भांडायला गेले होते, हे कबूल करते. त्या बाजारात टोपलीवर पाणी शिंपडत होत्या.

"काकी, तुम्ही मला मोठे मासे निवडून देत होतात?"

"मगे?" त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "बारके दिऊ तुका? तू कॉलेजातसून आमच्यासाठी इलंस. दारात इलेल्या माणसाक कोण काटे वाढता?"

"पण मला लहान झालेत हेच दाखवायचं होतं!"

"ता तू माका खंय सांगितलंस?"

मी आठवू लागले. गंगारामभाऊंना सांगितलं. प्राचार्यांना, आईला, आत्यालासुद्धा. जिच्या हातावर सगळं अवलंबून होतं तिला मी नुसता टोपलीचा नंबर सांगत होते.

"माका वाटला, साहेब लोक वाचतले," काकी खाली बघत म्हणाल्या. "आमच्या बंदराचो बांगडो कसो, ता लिवन जातला. म्हणान बरे बरे काढलंय. त्या दिवशी खोपीत तू वाचलंस, तेवा समाजला माका. माझ्याच हातान झाला. दिराक सांगूक तोंड नाय झाला. दोन दिवस जेवण गेला नाय."

मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले. म्हणजे त्या दिवशीची खाली घातलेली मान ही माझ्या बोलण्याने दुखावल्याची नव्हती. आणि मी घरी येऊन वहीत काय लिहिलं? की मी त्यांना तोंडघशी पाडलं. त्यांच्या मनातसुद्धा मीच!

"चूक माझी आहे काकी. मी हात लावला नाही."

"आता लावलंस मां?" त्यांनी माझा अंगठा उलटा करून पाहिला. "हळद लाव गो."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ओरोसला, जिल्ह्याच्या कार्यालयात सुनावणी. खोली लहान, पंखा मोठा, कागद उडत होते. एका बाजूला गंगारामभाऊ, नर्मदाकाकी आणि संघाची पाच-सहा माणसं. दुसरीकडे बोटमालक आणि त्यांचे वकील.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी माझा १२ तारखेचा अहवाल वाचून दाखवला. बोटमालक पाय पसरून बसले. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, हा अहवाल मी मागे घेते. नमुना निवडून काढलेल्या माशांचा होता. चूक माझी. कारण सांगितलं, नर्मदाकाकींचं नाव न घेता. मग रविवारचे साठ मासे मांडले.

वकील शांतपणे उठले. "म्हणजे मॅडमनी एकदा मोजलं, मनासारखं आलं नाही. दुसऱ्यांदा मोजलं, आलं नाही. तिसऱ्यांदा आलं, तर ते खरं. हवं ते उत्तर मिळेपर्यंत मोजत राहायचं, असं नवीन शास्त्र निघालंय का?"

सगळे हसले. हाच प्रश्न मीही विचारला असता. ह्याच कारणासाठी मी पोरांचे गुण कापले आहेत. मी कितीही खरी असले, तरी बाहेरून बघणाऱ्याला माझ्यात आणि हवा तो आकडा काढणाऱ्यात फरक कसा कळणार? त्या आठ तारखेला हातात घेतलेलं पेन आठवलं. फरक फार मोठा नव्हता.

मागे काकींचा खोकला ऐकू आला.

"वकीलसाहेब बरोबर बोलतात," मी म्हटलं. गंगारामभाऊंनी झटकन मान वर केली. "माझे तिन्ही आकडे बाजूला ठेवा. रविवारचाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. साहेब, तुमच्या माणसांनी मोजावं, दोन्ही बाजू समोर उभ्या करून. अट एकच. जाळं वाळूवर आलं की कोणी हात लावायच्या आधी ढिगात बादली बुडवायची आणि बादलीत येईल ते सगळं मोजायचं. जो आकडा येईल तो शेवटचा, हे दोन्ही बाजूंनी आजच लिहून द्यायचं. मोजायच्या आधी."

वकिलांनी बोटमालकांकडे पाहिलं. नाही म्हणायला कारण मिळेना. सह्या झाल्या. २८ तारीख ठरली.

बाहेर आल्यावर गंगारामभाऊ म्हणाले, "एकोणीसच्या खाली इला व्हता ता तुमी सोडून दिलात? आणि आता मोठे इले तर?"

"तर आपला अर्ज बाद."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. "बरा," म्हणाले. बरं म्हणजे काय, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नमुन्याचं एक जाळं म्हणजे एकच थवा असू शकतो. एखादा मोठ्यांचा थवाच आला त्या दिवशी तर? ही अट मी घालायला हवी होती, तीन दिवसांची तीन जाळी. घातली नाही. वर्गात दोनदा फळ्यावर चुकीचं लिहिलं.

मनात सारखं एकच: लहान येऊ देत. लहान येऊ देत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांना फोन करून तीन जाळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले उद्या निदान दोन ओढतील, आणखी काही आता होणार नाही. दोन्ही बाजू तयार आहेत. निदान दोन.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन जाळी ओढली. कार्यालयाची दोन माणसं मोजत होती, एक बोलत होता, एक लिहीत होता. मी वीस हात लांब उभी होते, दोघांच्याही मध्ये यायचं नाही म्हणून. बोटमालकांचा माणूस प्रत्येक माशावर वाकून फळी बघत होता. नर्मदाकाकी हात पाठीमागे धरून उभ्या होत्या, जणू ते आपोआप पुढे जातील अशी भीती.

एकशे बारा मासे. साहेबांनी गणकयंत्रावर दोनदा बेरीज केली, मग मला जवळ बोलावून तिसऱ्यांदा माझ्यासमोर केली. सरासरी १९.१. फैलाव २.८. कसोटीचा आकडा वजा नऊ. योगायोग म्हणायला कोणालाच तोंड उरलं नाही. वकिलांनी सही केली. साहेब म्हणाले, किनाऱ्यालगत बारीक आसाची जाळी बंद करण्याचा आदेश आठवड्यात काढतो, तपासणीची बोटही फिरेल.

मी जिंकले होते. दोन महिने ह्याच क्षणासाठी चिडचिड, धावपळ, अपमान. मला वाटलं आता ओरडा होईल, कोणीतरी शिट्टी मारेल.

तसं काही झालं नाही.

"पंधरा वर्सांत किती कमी म्हटलात?" गंगारामभाऊंनी विचारलं.

"दोन पॉइंट चार सेंटीमीटर."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी तेवढी फाकवून धरली आणि त्या फटीकडे पाहत राहिले. शेजारच्या माणसानेही आपल्या बोटांनी तसंच करून पाहिलं. मग आणखी एकाने. ओल्या वाळूवर उभी असलेली ती सगळी मोठमोठी माणसं, दोन बोटांमधली मोकळी जागा बघत. आपण म्हणतो ते खरं आहे हे त्यांना माहीत होतंच. पण सरकारी माणसाने सही-शिक्क्यासह खरं म्हणेपर्यंत कदाचित त्यांनाही वाटत असेल, की आपलीच आठवण चुकत असावी. मीच तसं सांगितलं होतं त्यांना.

"चला, दोर गुंडाळा," गंगारामभाऊ म्हणाले, आणि सगळे कामाला लागले.

मी पाण्याच्या कडेला गेले. नर्मदाकाकी तिथेच टोपली विसळत होत्या. मी त्यांच्याशेजारी उकिडवी बसले. समुद्राकडे बघतच त्या म्हणाल्या, "म्याडम, तुझो तो चुकलेलो आकडोच बरो व्हतो गो."